नैराश्याची गोळी: पहिले पंधरा दिवस आणि नंतरचे सहा महिने

माझ्या टेबलाच्या खणात दहा गोळ्यांची एक स्ट्रिप बरेच महिने पडून होती. चार खळगे रिकामे, सहा गोळ्या तशाच. एस्सिटालोप्रॅम, ५ मिलिग्रॅम. चौथ्या रात्री तीन वाजता जाग आली तेव्हा पोटात ढवळत होतं, हात बारीक थरथरत होते आणि ज्या धास्तीसाठी गोळी सुरू केली होती ती धास्तीच दुप्पट झाल्यासारखी वाटत होती. हे औषध आपल्याला मानवत नाही, असं मी सकाळी ठरवून टाकलं. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. सहा महिन्यांनी, तब्येत आणखी ढासळल्यावर, त्याच गोळीपाशी परत आलो आणि या खेपेला ती लागू पडली. गोळी तीच, डोसही तोच. फक्त पहिले पंधरा दिवस कसे जातात हे मला आधी कुणीतरी नीट सांगितलं होतं.

ते सांगायला पाच मिनिटं लागतात. तरीही असंख्य लोकांना ती पाच मिनिटं मिळत नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. डिप्रेशन आणि अँक्झायटीवरच्या या औषधांचं सगळं गणित वेळेचं आहे. त्रास आधी होतो, गुण नंतर येतो. आणि गुण आला की माणूस घाईने गोळी बंद करतो. उपचार फसतात ते बरेचदा या दोन ठिकाणी.

आधी, गोळी कोणासाठी असते ते बघू. जवळचं माणूस गेलं, नातं तुटलं, नोकरी गेली, तर मन खचतंच. त्यावर गोळी नसते, आणि नसावी. नैराश्य हा आजार म्हणायचा तर उदासी किंवा कशातच रस न वाटणं हे निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ असावं लागतं. सोबत झोप बिघडते, भूक जाते किंवा नको इतकी वाढते, अंगात त्राण राहत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, आपण निकामी आहोत असं वाटत राहतं, मरणाचे विचार येतात. आणि या सगळ्यामुळे रोजचं जगणं अडतं. चिंतेचंही तसंच. परीक्षेआधी छाती धडधडणं वेगळं आणि कारण नसताना महिनोनमहिने धडधडत राहणं वेगळं. थायरॉइडचा बिघाड किंवा रक्त कमी होणं यांची लक्षणंही बरीचशी अशीच दिसतात, म्हणून चांगला डॉक्टर आधी रक्त तपासून घेतो.

आजार सौम्य असेल तर पहिला उपाय गोळी असलीच पाहिजे असं नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही कमी तीव्रतेच्या नैराश्यात सरसकट गोळीने सुरुवात करू नये, रुग्णाला स्वतःला हवी असेल तर द्यावी, असं म्हटलं आहे. तिथे विचारांवर आणि वागण्यावर काम करणारी थेरपी, म्हणजे सीबीटी, तितकीच उपयोगी पडते. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर मात्र गोळीचं पारडं जड होतं आणि गोळी व थेरपी मिळून सगळ्यात चांगला परिणाम दिसतो. जो माणूस अंथरुणातून उठू शकत नाही त्याला विचारांची वही लिहायला सांगून काय होणार? आधी तो उठून बसला तर पाहिजे.

ही औषधं सापडली तीसुद्धा अपघातानेच. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध दिलं जात होतं. खंगलेली माणसं हसू-बोलू लागली, जेवू लागली. फुप्फुसाचे रुग्ण वॉर्डात नाचतायत अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. पुढे १९५७ मध्ये नॅथन क्लाइन यांनी तेच औषध नैराश्यावर वापरल्याचे निष्कर्ष मांडले. जवळपास त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलंड कून एका वेगळ्याच आजारासाठी, स्किझोफ्रेनियासाठी, एक रसायन तपासत होते. त्या आजारावर ते चाललं नाही, पण खोल नैराश्यातले रुग्ण सुधारले. ते इमिप्रामिन. म्हणजे आधी माणसं बरी झाली आणि मग ती का बरी झाली याचा शोध सुरू झाला.

त्या शोधातून १९६० च्या दशकात एक कल्पना पुढे आली: मेंदूतली काही रसायनं कमी पडतात म्हणून नैराश्य येतं आणि गोळी ती भरून काढते. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला, म्हणजे प्रोझॅकला, मान्यता मिळाली आणि ‘सेरोटोनिन कमी झालंय’ हे वाक्य घरोघरी पोचलं. वाक्य सोपं आहे, रुग्णाला दिलासाही देतं. पण ते खरं ठरलेलं नाही. नैराश्य असलेल्या सगळ्यांचं सेरोटोनिन कमी असतं असा पुरावा मिळालेला नाही. २०२२ मध्ये जोअॅना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीचा सगळा पुरावा एकत्र तपासून हेच मांडलं. त्यावर ‘मग या गोळ्या म्हणजे थोतांडच’ असा निष्कर्ष बऱ्याच जणांनी काढला, तो मला चुकीचा वाटतो. हाड मोडतं ते प्लास्टर कमी पडल्यामुळे नव्हे. तरी प्लास्टर लागतंच, आणि ते हाड जुळेपर्यंत ठेवावं लागतं.

मग गोळी नेमकं करते काय? दोन चेतापेशींच्या मध्ये एक अतिशय बारीक फट असते. पहिली पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, ते पलीकडच्या पेशीवर जाऊन लागतं, निरोप पोचतो, आणि मग पहिल्या पेशीवरचे छोटे पंप उरलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेतात. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या एसएसआरआय गटातल्या गोळ्या हे पंप अडवतात. निरोप फटीत जास्त वेळ रेंगाळतो. हे सगळं पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होतं.

मग गुण यायला आठवडे का लागतात? कारण मेंदू लगेच स्वतःला आवरतो. फटीत सेरोटोनिन वाढलेलं दिसताच पहिली पेशी ते सोडणंच कमी करते, कारण तिच्यावर तसे ब्रेक असतात. गोळी रोज चालू राहिली की हे ब्रेक दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सैल पडतात. त्याच काळात चेतापेशींमधले जोड नव्याने घडण्याची क्षमताही वाढते असं दिसतं. ऑक्सफर्डमधल्या कॅथरिन हार्मर यांच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली, मला तीच सगळ्यात ओळखीची वाटते. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांतच, स्वतःला बरं वाटण्याच्या खूप आधी, माणूस चेहऱ्यांवरचे भाव थोडे वेगळे वाचू लागतो. रागाकडे आणि भीतीकडे झुकलेली नजर जराशी वळते. पण कोणी हसून बघितलं तर ते आपल्याला हसत नाहीत, हे मनात मुरायला अशा बऱ्याच भेटी व्हाव्या लागतात. मूड त्याच्या मागून, सावकाश येतो.

आता ते पंधरा दिवस. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसतंच, ते आतड्यात असतं. म्हणून पहिला त्रास पोटाला होतो: मळमळ, पातळ शौचाला होणं, भूक मरणं. डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं, घाम येतो, झोप उडते किंवा उलट दिवसा पेंग येते. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. झोप उडत असेल तर सकाळी, पेंग येत असेल तर रात्री घ्यावी. वेळ बदलायची तर डॉक्टरांना एक फोन पुरतो. यातलं बरंचसं आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं.

चिंताविकार असलेल्यांना हा काळ जास्त जड जातो. पॅनिक अॅटॅक येणाऱ्या माणसाचं आधीच छातीच्या प्रत्येक ठोक्याकडे लक्ष असतं, आणि गोळी सुरुवातीला नेमकी अस्वस्थताच वाढवू शकते. म्हणून अशा रुग्णांना नेहमीच्या निम्म्या डोसने सुरुवात करून हळूहळू वर नेतात. गुण येतो, पण नैराश्यापेक्षाही उशिरा आल्यासारखा वाटू शकतो. ओसीडीला, म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती छळत राहतात त्या आजाराला, तर डोसही जास्त लागतो आणि वाट पाहायची तयारीही दोन-तीन महिन्यांची ठेवावी लागते. मधल्या काळात डॉक्टर कधी कधी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी गोळी थोड्या दिवसांसाठी देतात. ती तासाभरात शांत करते, म्हणून रुग्णाला तीच खरी गोळी वाटते आणि दुसरी बिनकामाची. खरं तर सवय लागते ती या तासाभरात शांत करणाऱ्या गोळीची. ती काही आठवड्यांत कमी करून बंद करायची असते. आणि रोज बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम थांबवणंही धोक्याचं, अगदी फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

थांबून वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं, अशाही काही गोष्टी आहेत. पहिली म्हणजे जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार नव्याने येणं किंवा वाढणं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी या औषधांवर सगळ्यात ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. त्यामागच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या सुमारे ४ टक्के मुलांमध्ये असे विचार किंवा वागणं दिसलं, खोटी गोळी, म्हणजे तुलनेसाठी दिलेली औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के. त्या चाचण्यांत एकही आत्महत्या झाली नव्हती. हा आकडा वाचून मुलाची गोळी परस्पर बंद करू नका. पहिले काही आठवडे त्याच्याजवळ राहा आणि ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. असे विचार कोणत्याही वयात घेरू लागले तर पुढच्या भेटीची तारीख पाहत बसू नका. माणसाला एकटं ठेवू नका, गोळ्या त्याच्या हाताशी ठेवू नका, तातडीच्या विभागात न्या.

दुसरी गोष्ट उलट्या टोकाची. गोळी सुरू झाल्यावर माणूस अचानक सुसाट झाला, दोन तास झोपूनही ताजातवाना, बोलणं थांबेना, हातात पैसा राहीना, तर मूळ आजार बायपोलर, म्हणजे कधी खोल नैराश्य तर कधी असा अति उत्साह, असू शकतो. अशा वेळी एकटी नैराश्याची गोळी आगीत तेल ओतते. म्हणूनच पहिल्या भेटीत ‘पूर्वी कधी असे दिवस आले होते का?’ हा प्रश्न विचारला जातो. उत्तर घरच्यांना बरेचदा रुग्णापेक्षा चांगलं माहीत असतं, तेव्हा जमल्यास कुणाला तरी सोबत न्या. तिसरी गोष्ट दुर्मीळ, पण गंभीर: ताप, थंडी वाजल्यासारखी थरथर, स्नायू ताठणं, गोंधळल्यासारखं होणं. सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधं एकत्र आली की हे होऊ शकतं. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी किंवा सेंट जॉन्स वर्ट ही ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी वनस्पती असा घोळ घालू शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम उतरून तोल जाणं, भ्रमिष्टासारखं वागणं दिसू शकतं, आणि घरचे ते वयावर ढकलतात.

बाकीच्या गटांबद्दल थोडक्यात. व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन सेरोटोनिनसोबत नॉरअॅड्रेनालिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचेही पंप अडवतात. ड्युलोक्सेटिन नसांच्या दुखण्यावरही चालतं. मिर्टाझापिनने झोप आणि भूक सुधारते, वजनही वाढतं. ब्युप्रोपिऑनने मरगळ कमी होते, पण फिट येणाऱ्यांना ते देत नाहीत. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं गुणाला कमी नाहीत, पण जास्त प्रमाणात घेतली गेली तर हृदयावर जीवघेणा परिणाम करतात, म्हणून ती आता मागे पडली. कोणती गोळी निवडायची हे ‘कोणती जास्त जोरदार’ यापेक्षा ‘तुम्हाला कोणता त्रास परवडेल’ यावर जास्त ठरतं.

आणि काम करते का? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर मला सुरुवातीलाच कुणी दिलं असतं तर बरं झालं असतं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांवर माणसं आणि २१ औषधं एकत्र तपासली. सगळी औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक निघाला. सहा-आठ आठवड्यांत, शंभरातल्या साधारण ४० ते ६० जणांना गोळीने ठळक फरक पडतो. खोट्या गोळीनेही २० ते ४० जणांना पडतो. सरासरीच्या आड मात्र वेगवेगळी माणसं असतात. कुणाला गोळी विहिरीतून वर काढते, कुणाला तिने काहीच होत नाही. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या स्टार-डी या अभ्यासात पहिल्या गोळीने साधारण एक तृतीयांश लोकांचीच लक्षणं जवळजवळ पूर्ण गेली. पहिली गोळी लागू पडली नाही याचा अर्थ तुम्ही बरे होणार नाही असा नसतो. पुरेसा डोस, चार ते सहा आठवडे, आणि तरी काहीच हालचाल नसेल तर डोस वाढवायचा किंवा गोळी बदलायची, हा नेहमीचाच मार्ग आहे.

गुण येतो तोही वाजतगाजत येत नाही. पाचव्या आठवड्यात एका सकाळी आंघोळ करून बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की आज उठताना मी स्वतःशी घासाघीस केलीच नाही. त्याआधीचे कित्येक महिने पलंगाच्या कडेला बसून ‘अजून पाच मिनिटं, मग उठतो’ हे तासभर चालायचं. आनंद वगैरे काही वाटत नव्हता. फक्त आंघोळ झाली होती आणि केसांतून पाणी निथळत होतं. पुष्कळ रुग्ण सांगतात की असा बदल आधी घरच्यांना दिसतो, म्हणून रोज रात्री एक ओळ लिहून ठेवणं फार उपयोगी पडतं: झोप किती झाली, खाल्लं का, कोणाशी बोललो. मूड आठवणीत नीट टिकत नाही, कागदावर टिकतो.

एका गोष्टीवर रुग्ण बोलत नाहीत आणि डॉक्टर विचारायला विसरतात. या गोळ्यांनी कामेच्छा कमी होते, स्खलन किंवा तृप्ती लांबते, कधी होतच नाही. स्त्री-पुरुष दोघांनाही. मळमळीसारखं हे आपोआप ओसरेलच असं नाही. कित्येक जण याच कारणाने गुपचूप गोळी सोडतात आणि घरात-दवाखान्यात दुसरंच काहीतरी सांगतात. डोस कमी करता येतो, ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनकडे वळता येतं. काहींना हा त्रास गोळी थांबल्यावरही रेंगाळल्याचं नोंदलेलं आहे, म्हणून तो दिसताच बोलावं. तसंच भावना बोथट झाल्यासारखं वाटणं. रडू येत नाही, पण हसूही आतून येत नाही. हे पूर्वीचं नैराश्य उरलं आहे की गोळीचा डोस जास्त होतो आहे, हे डॉक्टरांसोबत बसून बघावं लागतं. ‘काय, बरं आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून उठून येऊ नका.

गरोदरपणात किंवा मूल हवं असताना गोळी स्वतःहून बंद करणं हीदेखील अशीच घाई. काही औषधं टाळली जातात, पॅरोक्सेटिन त्यातलं एक, आणि सर्ट्रालिनसारखी काही जास्त वापरली जातात. पण उपचाराविना राहिलेलं नैराश्यही आई आणि बाळ दोघांना बाधतं, तेव्हा दोन्ही बाजू मांडून निर्णय घ्यावा लागतो.

आता दुसरं वळण. तीन महिने होतात, माणूस सुधारतो आणि वाटतं, आता कशाला? प्लास्टरच्या आत दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं नव्हे. पहिल्याच वेळचं नैराश्य असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यापासून निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. आजार पुन्हा पुन्हा उलटला असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. ब्रिटनमध्ये अनेक महिने गोळ्या घेऊन आता बरं वाटणाऱ्या ४७८ लोकांवर झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अँटलर अभ्यास दोन्ही बाजूंनी बोलतो. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के जणांचा आजार उलटला, हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के जणांचा. गोळी राखण करते, पण हमी देत नाही. आणि बंद केलेल्यांतले ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले हेही खरं. म्हणून ‘जन्मभर घ्यावी लागणार’ हे कुणालाही आधीच सांगू नये.

‘सवय लागते का?’ हा प्रश्न घरातले सगळ्यात आधी विचारतात. व्यसनात होतं तसं या गोळ्यांसाठी जीव तळमळत नाही, नशा चढत नाही, दर महिन्याला डोस वाढवावा लागत नाही. पण शरीर तिला सरावतं, आणि एकदम बंद केल्यावर बऱ्याच जणांना त्रास होतो: चक्कर, मळमळ, चिडचिड, रडू, विचित्र स्वप्नं, आणि डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखे झटके. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार गोळी बंद केल्यामुळेच होणारा त्रास साधारण दर सहा-सात जणांत एकाला होतो. त्यातल्या अनेक चाचण्यांमधल्या लोकांनी गोळी थोडेच महिने घेतली होती. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे प्रमाण जास्त असू शकतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून ती सोडणं जड जातं. फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, त्यामुळे ते सोडणं तुलनेने सोपं.

कमी करताना मात्र एक गोष्ट सहज चुकते. सिटालोप्रॅम या एसएसआरआय गटातल्याच गोळीचा २० मिलिग्रॅमचा डोस मेंदूतले सुमारे ८० टक्के पंप अडवतो. डोस ९ मिलिग्रॅमवर आणला, म्हणजे निम्म्याहून कमी केला, तरी सुमारे ७० टक्के पंप अडलेलेच राहतात. साधारण ५ वरही ते ६० च्या आसपास असतात. आणि त्या ५ वरून एकदम शून्यावर आलात की उरलेला सगळा कडा एका उडीत उतरता. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये हेच आकडे मांडून सुचवलं की शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान हव्यात. अर्धी गोळी एक दिवसाआड घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे; त्याने रक्तातलं प्रमाण रोज वरखाली होतं. काही औषधं थेंबांच्या किंवा सिरपच्या रूपात मिळतात, त्यांनी बारीक पायऱ्या करता येतात. कॅप्सूल किंवा हळूहळू विरघळणारी गोळी मनाने फोडू नका, आधी विचारा. मला शेवटच्या ५ मिलिग्रॅमलाच चार महिने लागले, आणि ते माझ्या डॉक्टरांना अजिबात जास्त वाटले नाहीत.

बंद करताना त्रास झाला तर तो गोळी सुटण्याचा की आजार उलटल्याचा, हे ओळखायला तारीख मदत करते. डोस कमी केल्यावर दोन-चार दिवसांतच चक्कर, झटके, पोटात ढवळणं असं शरीराचं काही सुरू झालं आणि आधीच्या डोसवर परत जाताच एक-दोन दिवसांत निवळलं, तर ते बहुधा गोळी सुटण्याचं. फ्लुओक्सेटिनमध्ये हे काही आठवड्यांनी उगवतं. काही आठवडे ठीक गेले आणि मग जुनीच लक्षणं त्याच क्रमाने सावकाश परत येऊ लागली, आधी झोप, मग भूक, मग पलंगाच्या कडेवरची ती सकाळ, तर आजार उलटतो आहे असं धरून डॉक्टरांकडे जावं. रात्रीची ती एक ओळ इथे पुन्हा कामाला येते. डोस कधी, किती कमी केला ते त्याच पानावर तारखेसकट लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीला वही सोबत न्या.